डॅपी चॅनल मंद पडलाय, लिक्विड लाइट गाइड गेलंय की फिल्टर? आधी काय तपासायचं?

उजेडवाट

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एक इन्व्हर्टेड फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आहे, बाजूला १२० वॅटचा मेटल हॅलाइड सोर्स, तिथून ३ मिमीचं लिक्विड लाइट गाइड (उजेड वाहून नेणारी, द्राव भरलेली लवचिक नळी) मागच्या इल्युमिनेटरमध्ये जातं, मग कोलिमेटर आणि पुढे फिल्टर क्यूबची (एकेका रंगाचे फिल्टर बसवलेल्या डब्यांची) फिरती टरेट, एकदम नेहमीचा सेटअप. सांभाळायचं काम आता माझ्याकडे आलंय आणि गेले काही महिने एक गोष्ट सारखी खटकतेय, ती म्हणजे डॅपीचं (अतिनील-जांभळ्या उजेडात निळा चमकणारा रंग) एक्सपोजर हळूहळू वाढवत न्यावं लागतंय. आधी जिथे ५० मिलिसेकंदात छान इमेज यायची तिथे आता ३००-४०० द्यावे लागतात. जीएफपीलाही (निळ्या उजेडात हिरवं चमकणारं प्रथिन) थोडं वाढवावं लागतं पण इतकं नाही, आणि लाल चॅनल जवळजवळ पहिल्यासारखाच आहे. बल्ब नुकताच बदललाय, तास मोजणारा काउंटरही रीसेट केलाय, म्हणजे बल्ब म्हातारा झालाय असं म्हणता येत नाही.

अजून एक, फील्डची, म्हणजे दिसणाऱ्या भागाची, डावी बाजू थोडी काळपट दिसते, सगळ्या चॅनलमध्ये.

आता प्रत्येकजण वेगळं सांगतोय. एकजण म्हणतो सगळे क्यूब काढून स्पिरिटने पुसून घे, दुसरा म्हणतो डॅपीचा डायक्रोइक (क्यूबमधला, काही रंग परतवून बाकीचे पुढे सोडणारा आरसा) जळलाय नवा मागव, तिसरा म्हणतो सँपलच खराब आहेत. मला घाईघाईत काही उघडायचं नाहीये कारण रोज कोणी ना कोणी बुकिंग करून बसलेलं असतं. गाइड खराब झालंय हे डोळ्यांनी कळतं का? ते साफ करून परत चालतं का की सरळ बदलायचंच असतं? आणि कुठून सुरुवात करू?

जुना_आर्कवाला

सगळ्यात आधी एक विनंती, काहीही पुसू नका. मोजल्याशिवाय पुसलं तर नंतर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही, आणि या वाटेवरचे निम्मे भाग पुसल्यानेच खराब होतात. उजेड कुठे मरतोय ते आधी शोधायचं, हात नंतर लावायचा. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो, डायक्रोइक नवा येतो आणि इमेज तशीच मंद राहते.

तुम्ही जे वर्णन केलंय त्यात खरं तर अर्धं उत्तर आहेच. डॅपी सगळ्यात जास्त पडला, जीएफपी थोडा, लाल जवळपास नाही. म्हणजे जितकी तरंगलांबी कमी तितकं नुकसान जास्त. बल्ब म्हातारा झाला तर सगळेच चॅनल कमीजास्त प्रमाणात खाली येतात. एकच फिल्टर जळला तर फक्त तोच चॅनल पडतो, शेजारच्या जीएफपीला काही होत नाही. कॅमेरा, ऑब्जेक्टिव्ह वगैरेचं काही असलं तर लालही पडला असता. अतिनील आणि जांभळा आधी जातो, मग निळा, मग हिरवा, अशी उतरती पायरी दिसली की पहिला संशय लिक्विड लाइट गाइडवर घ्यायचा.

ते असं का होतं ते सांगतो म्हणजे तपासताना काय बघायचं ते लक्षात येईल. या गाइडमध्ये काचेचे तंतू नसतात. फ्लुओरोपॉलिमरची एक नळी असते, तिच्यात पारदर्शक द्राव भरलेला असतो, बऱ्याचदा पाण्यात विरघळवलेले क्षार, आणि दोन्ही तोंडांना क्वार्ट्झच्या दांड्या बसवून बंद केलेली असतात. द्रावाचा अपवर्तनांक नळीपेक्षा जास्त म्हणून प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. तंतूंच्या गठ्ठ्यात मधल्या फटींमध्ये जो प्रकाश वाया जातो तो इथे जात नाही आणि बाहेर पडणारा उजेडही एकसारखा मिसळलेला मिळतो, म्हणून फ्लुरोसन्सला हेच वापरतात. पण वर्षानुवर्षं अतिनील प्रकाश खाऊन द्राव आणि नळीची आतली भिंत दोन्ही हळूहळू पिवळट पडतात, आणि पिवळं म्हणजे निळं-जांभळं शोषणारं. शिवाय नळीच्या भिंतीतून पाणी अगदी सावकाश निघून जातं, द्राव कमी होतो आणि आत बुडबुडा तयार होतो. बुडबुडा झाला की तिथून प्रकाश सैरावैरा फेकला जातो आणि नुकसान एकदम वाढतं.

तपासायची पद्धत: सोर्स बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, बंद आहे याची परत खात्री करा आणि मगच गाइड दोन्हीकडून काढा. चालू सोर्सला जोडलेल्या गाइडच्या तोंडात चुकूनही बघायचं नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो, हे तिथे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. आता एक टोक खिडकीकडे किंवा छतावरच्या पांढऱ्या दिव्याकडे धरा आणि दुसऱ्या टोकात एक वीतभर अंतरावरून बघा. चांगलं गाइड असेल तर स्वच्छ, पांढरी, पूर्ण भरलेली गोल टिकली दिसते. टिकलीला चहासारखी पिवळट छटा असेल तर द्राव खराब झालाय. टिकलीत चंद्रकोरीसारखा काळा तुकडा दिसला, आणि गाइड हळूच तिरकं केल्यावर तो सरकला, तर तो बुडबुडा. बुडबुडा बहुतेक वेळा दिव्याकडच्या टोकाजवळ सापडतो कारण उष्णता तिथे जास्त. न सरकणारा आणि अगदी पृष्ठभागावर वाटणारा डाग असेल तर ते तोंडावरचं बोट किंवा धूळ आहे, ते मात्र पुसता येतं, लेन्स पेपरवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन एकाच दिशेने एकदा, मग पेपर टाकून नवा.

द्राव पिवळा पडला किंवा बुडबुडा झाला तर दुरुस्ती नाही. उघडून भरता येत नाही, बदलायचंच. बरेच उत्पादक साधारण ४००० तास वापरानंतर बदला म्हणतात, पण ते तास कुठले मोजायचे याचीही एक गोम आहे, ती नंतर लिहितो.

आणि डोळ्यावर भरवसा ठेवून थांबू नका. थोडं पिवळेपण डोळ्याला कळतच नाही आणि अतिनीलमधलं नुकसान तर डोळ्याला दिसणारच नाही. जवळपास दुसरा मायक्रोस्कोप असेल तर त्याचं गाइड तात्पुरतं आणून लावा, जाडी तीच असली पाहिजे, ३ च्या जागी ५ नको. एकच स्लाइड, एकच एक्सपोजर, आधी जुनं मग उसनं. स्लाइड कुठली? कालच्या पेशी नकोत, त्या प्रत्येक वेळी थोड्या फिक्या होत जातात आणि तुलना बिघडते. रंगीत फ्लुरोसंट प्लास्टिकच्या स्लाइड मिळतात त्या वापरा.

रात्रीची_स्लाइड

आमच्याकडे अजून १०० वॅटचा मर्क्युरी दिवा आहे, थेट मागे लॅम्पहाउसमध्ये, गाइडच नाही, त्यामुळे गाइडबद्दल वर लिहिलंय त्यात भर नाही घालत, पण दिव्याबद्दल सांगते कारण ज्यांच्याकडे असा सेटअप आहे ते हे वाचून गाइड शोधत बसतील.

मर्क्युरी दिव्याचं आयुष्य साधारण २०० तास, काही दिवे ३०० पर्यंत. मेटल हॅलाइड १५०० ते २००० पर्यंत जातो आणि तो रिफ्लेक्टरमध्ये आधीच बसवून येतो म्हणून त्याला अलाइन करावं लागत नाही. मर्क्युरीला मात्र प्रत्येक बदलानंतर करावं लागतं आणि तिथेच लोक आळस करतात. आर्क अगदी बारीक असतो, पाव मिलिमीटरच्या आसपास, जरा सरकला की अर्धं फील्ड अंधारात. आमची पद्धत अशी, एका ऑब्जेक्टिव्हची जागा रिकामी ठेवायची, स्टेजवर पांढरा कागद, उजेड आधी एनडी फिल्टरने (सगळे रंग सारखेच मंद करणारी काच) बराच कमी करून मग कलेक्टर लेन्सने आर्कची प्रतिमा कागदावर फोकस करायची, मागच्या आरशाची दुसरी प्रतिमा शेजारी आणायची, दोन्ही एकाच्या डोक्यावर एक चढवायच्या नाहीत, आणि मग कलेक्टर थोडा बाहेर काढून उजेड फील्डभर पसरवायचा. हे करताना यूव्ही अडवणारा चष्मा लावायचाच.

दिवा लावल्यावर अर्धा तास तरी बंद करायचा नाही आणि बंद केल्यावर गार होईपर्यंत परत लावायचा नाही, लावणं-बंद करणं हेच इलेक्ट्रोडला खातं. काच काळवंडली, उजेड फडफडायला लागला की तास उरले असले तरी काढा. ठरलेल्या तासांपुढे चालवू नका, चालू दिव्यात आत प्रचंड दाब असतो, फुटला तर काचा लॅम्पहाउसमध्ये अडकतात पण पाऱ्याची वाफ खोलीत येते. तसं झालं तर सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार-खिडक्या उघडून खोली हवेशीर होऊ द्यायची, झाडूने गोळा करायला कोणी जायचं नाही. आणि नव्या दिव्याच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही, लागलंच तर गार असतानाच अल्कोहोलने पुसून घ्यायचं, नाहीतर तो तेलकट ठसा तापून काचेत कायमचा बसतो.

उजेडवाट, तुम्ही बल्ब नवा म्हणताय पण तो नीट बसलाय ना तेही बघा. मेटल हॅलाइडमध्ये रिफ्लेक्टर जरा तिरका राहिला तरी गाइडच्या तोंडावर उजेडाचा ठिपका बाजूला पडतो.

डायक्रोइक४५

डॅपीचा डायक्रोइक जळला म्हणणाऱ्याला पूर्ण खोडून काढू नका, आधी क्यूब बाहेर काढून बघा, पुसू नका, नुसतं बघा. यात पाच मिनिटं जातात आणि कुठला तरी एक मुद्दा कायमचा मिटतो.

बघायचं ते असं. एक्सायटेशन फिल्टर, म्हणजे सँपलवर जाणारा रंग निवडणारा, पांढऱ्या उजेडासमोर धरा. जुने सॉफ्ट-कोटेड फिल्टर म्हणजे दोन काचांमध्ये थर चिकटवलेले असतात, त्यांना दमटपणा आणि उष्णता दोन्ही मानवत नाही. कडेपासून आत सरकणारी नक्षी दिसते, खिडकीच्या काचेवर बुरशीची जाळी चढावी तशी, किंवा मधोमध फिकट भाजलेला गोल दिसतो जिथे सतत उजेड पडतो. असं दिसलं की तो फिल्टर गेला. टाचणीएवढी पांढरी छिद्रं दिसली तर त्यातून नको तो प्रकाश आत जातो आणि बॅकग्राउंड वाढतं, इमेज मंद नाही वाटत, धुरकट वाटते. नवे हार्ड-कोटेड, म्हणजे स्पटर केलेले फिल्टर खूप टिकाऊ असतात, ते असे भाजत नाहीत. तुमचे कुठले आहेत ते कडेच्या लेबलवरच्या नंबरावरून कळेल.

आता पुसण्याचं. हार्ड-कोटेड फिल्टर अल्कोहोलने काळजीपूर्वक पुसता येतो. सॉफ्ट-कोटेडला मुळीच भिजवायचं नाही, द्राव कडेतून आत शिरतो आणि चिकटवलेला थर सोडवतो. डायक्रोइकला मी फक्त हवेचा रबरी ब्लोअर मारतो, बाकी काही नाही. तो ४५ अंशात बसलेला पातळ काचेचा तुकडा असतो, त्याचं कोटिंग एक्सायटेशनच्या बाजूला असतं, तिथे एक ओरखडा पडला किंवा बसवताना तो किंचित वाकला तर उजेडही बिघडतो आणि प्रतिमाही. डब्यातली दाबून भरलेली हवा नको, डबा तिरका झाला की त्यातला गार द्राव फवारला जातो. आणि फिल्टर क्यूबमधून काढलाच तर कडेचा बाण कुठे होता त्याचा आधी फोटो घ्या. बाणाचा अर्थ सगळे उत्पादक एकच ठेवत नाहीत, म्हणून तर्काने बसवू नका, होता तसाच बसवा.

डाव्या बाजूच्या काळपटपणाबद्दल. तो सगळ्या क्यूबमध्ये आहे म्हणजे क्यूबच्या आधी किंवा नंतर काहीतरी आहे. सोपी युक्ती आहे, प्लास्टिकची स्लाइड फोकसमध्ये ठेवून लाइव्ह बघत बघत एकेक गोष्ट हलवा आणि सावली कोणाबरोबर फिरते ते बघा. सोर्सचा शटर बंद ठेवून गाइडची पकड सैल करा, गाइड जागच्या जागी पाव फेरा फिरवा, परत घट्ट करून बघा. सावली फिरली तर गाइड. कॅमेरा फिरवला आणि सावली स्क्रीनवर तिथेच राहिली तर कॅमेऱ्यातच. ऑब्जेक्टिव्ह बदलल्यावर गेली तर ऑब्जेक्टिव्ह. कशानेच हलली नाही तर वाटेतल्या सरकणाऱ्या वस्तू बघा, एनडी फिल्टरची पट्टी, फील्ड डायफ्रॅम, मायक्रोस्कोपमधला शटर, टरेट खटक्यात बसलीये का. यातलं काहीतरी अर्धवट उघडं असणं हे फार वेळा सापडतं आणि फार क्वचित कोणी बघतं.

निळी_फेज

सरळ एलईडी घ्या ना, गाइडचाच विषय संपतो. दिवा गरम होण्याची वाट बघायची नाही, तास मोजायचे नाहीत, पारा नाही, लागेल तेव्हाच उजेड चालू.

जुना_आर्कवाला

एलईडी चांगलाच आहे, नवं घेणाऱ्याला मीही तोच सांगेन, आयुष्य हजारो तासांत मोजायचं आणि मिलिसेकंदात चालू-बंद. पण विषय संपत नाही. बरेच एलईडी सोर्ससुद्धा लिक्विड गाइडमधूनच जोडतात, आणि त्यात ३६५ किंवा ३८५ नॅनोमीटरचा चॅनल असेल तर गाइड पिवळं पडायचं राहत नाही, फक्त सावकाश पडतं. शिवाय लांब तरंगलांबी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, गाइडमधला पाण्याचा द्राव ७०० नॅनोमीटरच्या पुढे प्रकाश बराच शोषतो, तिथे साय-७ सारखा लांब तरंगलांबीचा फ्लुरोसंट रंग वापरायचा असेल तर थेट जोडणीच बरी. आणि एलईडीच्या पंख्याची जाळी धुळीने भरली की आतलं तापमान वाढतं आणि आयुष्य कमी होतं, ती जाळी साफ करणं कोणाच्याच यादीत नसतं.

उजेडवाट, काही कळलं का?

उजेडवाट

हो, बरंच कळलं, सगळ्यांचे मनापासून आभार. सविस्तर सांगते कारण दोन वेगवेगळे दोष होते आणि मी ते एकच समजत होते.

आधी क्यूब बघितले. डॅपीचा एक्सायटेशन फिल्टर हार्ड-कोटेड आहे आणि उजेडासमोर एकदम स्वच्छ, ना नक्षी ना छिद्रं. डायक्रोइकवर दोन धुळीचे कण, ब्लोअरने उडाले. म्हणजे तो मुद्दा संपला.

मग सोर्स गार करून गाइड काढलं आणि खिडकीकडे धरलं. आधी वाटलं ठीकच आहे, पण शेजारच्या खोलीतलं तुलनेने नवं गाइड एकाच वेळी बाजूला धरल्यावर फरक चटकन दिसला, त्याची टिकली पांढरी आणि आमची फिक्या लिंबाच्या रंगाची. तिरकं केल्यावर दिव्याकडच्या टोकाजवळ एक बारीक कोर सरकताना दिसली. ते उसनं गाइड लावून प्लास्टिकच्या निळ्या स्लाइडवर बघितलं तर डॅपीचा सिग्नल चौपटीच्या वर गेला, जीएफपीचा दीडपटीच्या आसपास आणि लालमध्ये नाव घेण्यासारखा फरक नाही. जुना_आर्कवाला म्हणाले तशीच पायरी.

पण डावीकडची सावली उसन्या गाइडनेही गेली नाही. गाइड फिरवलं, हलली नाही. ऑब्जेक्टिव्ह बदलले, तशीच. कॅमेरा थोडा फिरवला तर सावली स्क्रीनवर फिरली, म्हणजे कॅमेरा नाही. मग डायक्रोइक४५ यांची यादी घेऊन एकेक पट्टी बघत गेले आणि एनडी फिल्टरची पट्टी खटक्यापासून दोनेक मिलिमीटर अलीकडेच अडकलेली सापडली. खटका देणारी छोटी गोळी आहे तिथे वाळलेलं इमर्शन ऑइल आणि धूळ यांचा गोळा साचला होता, पट्टी बाहेर काढून खाचा पुसल्या आणि आता खट्कन बसते. फील्ड एकसारखं झालं.

नवं गाइड मागवलंय. आता दोन प्रश्न. ते जास्तीत जास्त टिकावं म्हणून काय करू, आणि पुढच्या वेळी इतकं खाली जायच्या आत कळावं म्हणून नियमित काय मोजू? आमच्याकडे फोटोडायोडवाला पॉवर मीटर आहे, लेझरवाल्यांचा, तो चालेल का?

जुना_आर्कवाला

छान काम केलंत. आता ती तासांची गोम सांगतो कारण गाइडचं आयुष्य त्यावरच आहे.

तुमच्या सोर्सचा शटर कुठे आहे ते बघा. शटर सोर्सच्या डब्यात असेल, म्हणजे गाइडच्या आधी, तर शटर बंद असताना गाइडवर उजेड पडतच नाही आणि गाइडचे तास म्हणजे फक्त शटर उघडा असलेले तास. पण सॉफ्टवेअर मायक्रोस्कोपच्या अंगातला शटर चालवत असेल आणि सोर्सचा शटर कायम उघडा ठेवला असेल, तर दिवा जळतोय तोपर्यंत पूर्ण ताकदीचा अतिनील प्रकाश गाइडमधून जातोय, मायक्रोस्कोपसमोर कोणी बसलेलं असो वा नसो. दिवसभर दिवा चालू ठेवायची पद्धत असेल तर या एका गोष्टीने गाइडचं आयुष्य कित्येक पटीने बदलतं. शक्य असेल तर सॉफ्टवेअरमधून सोर्सचा शटर चालवा, आणि तीव्रता कमी करायची असेल तर सोर्सच्या डब्यातली पायरी कमी करा, कारण पुढच्या एनडीने सँपल वाचतं पण गाइडवरचा मारा तेवढाच राहतो.

बाकी हाताळणी. ३ मिमीच्या गाइडला वाकण्याची मर्यादा साधारण ४० मिमी त्रिज्येची असते, पण मर्यादेवर ठेवू नका, मोठा सैल वळसा द्या. टेबलाच्या कडेवरून लोंबकळत ठेवू नका, मध्ये आधार द्या. एकदा जरी मोडल्यासारखं दुमडलं तरी आतली भिंत कायमची चुरगळते, बाहेरून काही दिसत नाही. दोन्ही टोकं तळाला टेकेपर्यंत आत घाला, स्क्रू बोटाने घट्ट होईल इतकाच, पक्कड नको. सोर्सच्या मागचा पंखा भिंतीला चिकटवू नका, गाइडचं दिव्याकडचं टोक जितकं गार राहील तितका बुडबुडा लांबतो. जास्तीचं गाइड आणून ठेवलं असेल तर तोंडांवर टोप्या लावून सैल गुंडाळून ठेवा, आणि गोठेल इतक्या थंड जागी किंवा तापलेल्या जागी नको. मात्र पाचेक वर्षांसाठी साठा करून ठेवू नका, न वापरताही द्राव थोडा थोडा कमी होतोच.

मीटरबद्दल. गाइडच्या उघड्या तोंडासमोर फोटोडायोडचा सेन्सर धरू नका, तिथे काही वॅट प्रकाश असतो, सेन्सर बधिर होईल किंवा जळेल. मोजायचं स्टेजवर, क्यूबमधून आणि ऑब्जेक्टिव्हमधून आलेला उजेड, तिथे मिलिवॅटमध्ये आकडा येतो. १० पट ड्राय ऑब्जेक्टिव्ह घ्या आणि कायम तोच. ऑइलचा नको, आणि जास्त एनएचाही (रुंद कोनातून उजेड टाकणारा) नको कारण तिरके किरण सेन्सर नीट पकडत नाही. उजेडाचा गोल सेन्सरच्या खिडकीत पूर्ण मावला पाहिजे. मीटरवर प्रत्येक क्यूबची तरंगलांबी आठवणीने बदला, फोटोडायोड निळ्याला आणि लालला वेगवेगळा प्रतिसाद देतो, आणि तुमचा सेन्सर ३६५ पर्यंत खाली जातो का ते त्याच्या कागदावर बघून घ्या. बरेच सिलिकॉन सेन्सर ४०० नॅनोमीटरच्या खाली चालत नाहीत, आणि तुम्हाला तोच चॅनल सगळ्यात जास्त हवाय. सेन्सर तिथपर्यंत जात नसेल तर डॅपीसाठी निळी प्लास्टिक स्लाइड, ठरलेलं एक्सपोजर, ठरलेला गेन आणि हिस्टोग्रामचा मधला आकडा लिहून ठेवा, तेही उत्तम चालतं.

दिवा अर्धा तास तापू द्या, मगच मोजा. नवं गाइड लावल्याच्या दिवशीचा आकडा म्हणजे तुमचं १०० टक्के. मग महिन्यातून एकदा, आणि बल्ब बदलण्याच्या आधी व नंतर. वहीत तारीख, दिव्याचे तास, क्यूब, आकडा, आणि कोणी काही हलवलं असेल तर ते, एवढंच. मी स्वतः डॅपी लालच्या तुलनेत निम्म्यावर आला की गाइड मागवतो. नुसता डॅपीचा आकडा बघू नका, दोघांचं गुणोत्तर बघा, कारण बल्ब म्हातारा होताना दोघेही खाली येतात पण गाइड गेलं की गुणोत्तर बिघडतं.

हे अजून शिस्तीत करायचं असेल तर २०२० मध्ये क्वारेप-लिमी नावाचा आंतरराष्ट्रीय गट सुरू झालाय, लाइट मायक्रोस्कोपीच्या गुणवत्तेसाठी, त्यांचा पहिलाच कार्यगट इल्युमिनेशन पॉवर कशी मोजायची यावर आहे. उजेड काही मिनिटांत किती डळमळतो आणि काही तासांत किती सरकतो या दोन्हीची पद्धत त्यांनी दिलीये. टाइमलॅप्स करणाऱ्यांनी तर ती करूनच बघावी.

फोकस_बिंदू

मध्येच विचारतो, आमच्याकडे स्पिनिंग डिस्क मायक्रोस्कोप आहे, लेझर फायबरने येतो, ४८८ नॅनोमीटरच्या लेझरची पॉवर उतरलीये. हेच सगळं लागू होईल का? फायबर काढून तोंड बघू का?

डायक्रोइक४५

नाही, तिथे उलटं आहे, काढू नका. सिंगल-मोड फायबरचा गाभा दृश्य प्रकाशासाठी ३-४ मायक्रॉनचा असतो. काढून परत लावताना धुळीचा एक कण जरी तोंडावर बसला तरी लेझर चालू होताच तो तिथेच जळून चिकटतो आणि मग पॉलिशला पाठवावं लागतं. जितक्या वेळा उघडाल तितका धोका. आधी लेझरच्या डब्यातली पॉवर आणि स्टेजवरची पॉवर वेगवेगळी बघा. डब्यातली ठीक आणि स्टेजवरची कमी असेल तर बहुतेक वेळा फायबरच्या तोंडाशी कपलिंग, म्हणजे लेझर फायबरमध्ये शिरण्याची जुळणी, किंचित सरकलेलं असतं, खोलीचं तापमान बदललं तरी सरकतं. सगळ्या लाइन (वेगवेगळ्या रंगांचे लेझर) सारख्या प्रमाणात पडल्यात का एकटी ४८८ तेही बघा, एकटीच असेल तर त्या लेझरचं किंवा त्याच्यापुढच्या आरशाचं किंवा एओटीएफचं (लेझरचे रंग निवडणारा आणि कमीजास्त करणारा भाग) काम आहे, फायबर तर सगळ्यांचा एकच असतो.

हे लेझर बहुतेक क्लास ३बी चे, म्हणजे डोळ्याला धोकादायक वर्गातले असतात, म्हणून डब्याचं झाकण उघडून स्क्रू फिरवायचं काम ज्याने त्याचं शिक्षण घेतलंय त्यानेच करायचं. तोपर्यंत तुम्ही फक्त रोज सकाळी तापल्यावर सगळ्या लाइनचे स्टेजवरचे आकडे आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. दोन्ही एकत्र वरखाली होताना दिसले तर इंजिनियरला यायच्या आधीच ती वही पाठवा, त्याचा अर्धा दिवस वाचेल आणि तो बरोबर कपलरचीच अवजारं घेऊन येईल.